कासिल्दाबाईंचा डावा हात

कासिल्दाबाईंनी ती ओळ तिसऱ्यांदा वाजवली आणि शरयूने वहीतला मध्यम खोडून तिथे गंधार लिहिला.

“आता?” बाईंनी विचारलं.

शरयूने ओळ गाऊन दाखवली, स्वरांची नावं घेत, मांडीवर बोटांनी मात्रा मोजत. पियानोसमोर बसलेल्या, नव्वदीला टेकलेल्या बाईंनी मान कलती करून ऐकलं. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता, कडेकडेचं तेवढं दिसायचं. त्यामुळे शरयूचा चेहरा बघायचा असला की त्या खिडकीकडे बघायच्या. पहिले दोन आठवडे शरयूला वाटलं होतं, ह्यांना आपला कंटाळा येतो.

“बरोबर,” खिडकीकडे बघत बाई म्हणाल्या. “पुढे.”

पुढची ओळ आली. शरयूने ती ऐकली, मनात घोळवली आणि निळ्या वहीत देवनागरी अक्षरांत उतरवली. स्पेनमधल्या एका बंदरात १९३७च्या हिवाळ्यात जन्मलेली चीज नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात ‘सा रे ग म’च्या कपड्यांत कागदावर बसत होती. शरयूला पाश्चात्त्य पद्धतीच्या त्या पाच रेघा आणि त्यांवर लटकलेले मुंगळे वाचता येत नव्हते. बाईंना दिसत नव्हतं. मग दुसरं काय करणार? अडला हरी, म्हणतात ना, तसं दोघींचंही झालं होतं.

घरी नवऱ्याला, शैलेंद्रला, भारी गंमत वाटायची.

“म्हणजे ती स्पॅनिश, तू नागपूरची, बोलता इंग्लिश आणि लिहिता सारेगम,” तो जेवताना म्हणायचा. “युनायटेड नेशन्सच आहे की यार.”

“हस तू. तुझ्या कोडपेक्षा बरं आहे. गाता तरी येतं.”

शैलेंद्र रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या एका कंपनीत होता आणि शरयू त्याच्या व्हिसाला चिकटून आली होती. ‘डिपेंडंट’ हा शब्द पासपोर्टवर पहिल्यांदा वाचला तेव्हा ती हसली होती. आता हसायची नाही. नागपुरात बारा वर्षं तिने पेटीची साथ केली होती. स्पर्धा, संगीत नाटकं, गणपतीतल्या मैफली, कुठेही बोलावलं की शरयू हजर. गाणारी बाई चुकली की पेटीवर सावरून घ्यायचं, रंगली की मागे सरायचं, हे तिच्या बोटांत मुरलेलं होतं. पेटी विमानात जड होईल म्हणून आईकडे राहिली. इथे काम करायला परवानगी नव्हती. दुपारी बारानंतर अपार्टमेंटमध्ये फ्रीजचा आवाज तेवढा ऐकू यायचा. मग ती लायब्ररीत फुकट काम करायला लागली: ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्या घरी पुस्तकं पोचवायची. यादीत तिसरं नाव होतं कासिल्दा वेलास्को. स्पॅनिश, ऑडिओ.

पहिल्याच भेटीत कोपऱ्यात पियानो दिसला आणि शरयूचा हात आपोआप तिकडे गेला.

“वाजवतेस?”

“हे नाही. आमची पेटी. हार्मोनियम.”

“मग थांबलीस कशाला?”

एवढंच झालं. पुढच्या मंगळवारी शरयू पुस्तकं देऊन तासभर बसली, त्याच्या पुढच्या मंगळवारी दोन तास. मनातल्या मनात ती त्यांना कासिल्दाबाई म्हणू लागली. मिसेस वेलास्को म्हणवेना, आजी म्हणावं तर त्यांनी कानाखाली वाजवली असती. आपल्याकडे मोठ्या कलावतीला बाई म्हणतात, त्यात सगळं आलं.

आणि बाई खरंच मोठ्या होत्या. सांगायच्या मात्र अशा, की शेजारणीच्या चहाड्या सांगाव्यात. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी वर्तमानपत्रात सदर लिहायला घेतलं, तेव्हा गावातल्या पाद्र्याने तीन रविवार त्यांच्यावरच प्रवचन दिलं. “तोवर माझं सदर कोणी वाचत नव्हतं,” बाई म्हणाल्या. “त्याचे उपकारच.” एकविसाव्या वर्षी मासळीच्या कारखान्यातल्या बायकांवर कादंबरी लिहिली. आणि गावाच्या बँडसमोर काठी घेऊन उभी राहिलेली पहिली बाई त्याच. पहिल्या तालमीला भोंगेवाला एक म्हातारा हाताची घडी घालून बसला. बाईच्या इशाऱ्यावर मी फुंकणार नाही म्हणाला.

“मग?”

“मग काय, त्याच्या जागी मी दर वेळी तोंडाने ‘पों’ म्हणायचे. सगळ्यांसमोर. चौथ्या ‘पों’ला त्याला लाज वाटली.”

शरयू हसून हसून लोळायची बाकी राहिली.

स्पेनच्या यादवी युद्धातली लढाई गावाच्या वेशीवर आली तेव्हा बाई बोटीने फ्रान्सला गेल्या, तिथून मेक्सिको, मग इथे. तीस वर्षं कॉलेजात पोरांना स्पॅनिश व्याकरण शिकवलं. कादंबरीची एक प्रत उरली होती. संगीताचे कागद बंदरावर एका ट्रंकेत राहिले ते राहिलेच. त्यातली एकच चीज त्यांना पुरती आठवत होती. तिचं नाव ‘साल’, म्हणजे मीठ. बोटीवर, मेक्सिकोतल्या भाड्याच्या खोलीत, ह्या घरात, जिथे मिळेल तिथे त्या ती वाजवत आल्या, विसरू नये म्हणून. मागच्या वर्षी एक दिवस मधली ओळ हरवली आणि दोन दिवसांनी सापडली. तेव्हा बाई घाबरल्या.

“मी मेले तर मरेन,” त्या म्हणाल्या. “पण हे आधी मरायला नको. लिहून घेशील?”

आजवर शरयूकडे असं कोणी काही मागितलं नव्हतं. साथीला चल, असं खूप जणांनी म्हटलं होतं. हे निराळं होतं.

ऑक्टोबर ते जानेवारी काम चाललं. चीज ऐकल्याबरोबर शरयू चमकली होती, कारण ती सरळसरळ भैरवी होती. पांढरी तीनला षड्ज धरला की सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या. आपल्याकडे मैफल भैरवीने संपते आणि ही बाई तिनेच सुरुवात करते! पण चालीत काहीतरी होतं, अंगाला झोंबणारं आणि तरी शांत. दर वेळी लिहून झालं की शरयू उजव्या हाताने ओळ वाजवून दाखवायची, बाई “बरोबर” म्हणायच्या. जानेवारीच्या शेवटी शेवटची ओळ झाली. शरयूने खाली दोन रेघा ओढल्या, वही कपाळाला लावली आणि घरी जाऊन शिरा केला.

त्याच आठवड्यात बर्फाचा पातळ थर गोठला. बाई पेपर आणायला दारात गेल्या आणि घसरल्या. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर, चार दिवस हॉस्पिटल, मग घरी, आणि शरयू आता रोज जाऊ लागली.

“बघ, वेळेवर लिहून घेतलंस,” बाई म्हणाल्या. “तू नसतीस तर सगळं गेलं असतं.”

शरयूला केवढा अभिमान वाटला त्या दिवशी! घरी येताना ती गाडीत मोठ्याने गात होती.

लायब्ररीने मार्चच्या शेवटी बाईंच्या नव्वदीचा कार्यक्रम ठरवला. कादंबरीतली दोन पानं इंग्लिशमध्ये वाचायची आणि ‘साल’ वाजवायचं. वाजवणार होती पद्मिनी. ती इथेच जन्मलेली, घरी मुलांना पियानो शिकवायची, मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी आरतीला कीबोर्ड धरायची. मराठी समजायचं तिला सगळं, बोलायची मोडकं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शरयू निळी वही घेऊन तिच्या डायनिंग टेबलाशी बसली. ती एकेक स्वर सांगत गेली, पद्मिनी पाच रेघांवर मांडत गेली.

“पांढरी तीन म्हणजे ई, ओके. हे सुंदर आहे, शरयूताई. रिअली.”

दोन तासांत सगळं झालं. पद्मिनीने पेन्सिल कानामागे खोचली, पानं एकत्र केली आणि हात पुढे केला.

“ग्रेट. आता लेफ्ट हँड दे.”

“काय?”

“लेफ्ट हँड. डावा हात काय वाजवतो ते. दुसऱ्या वहीत आहे का?”

शरयूने वहीची पानं उलटून पाहिली. पेटीला डावा हात भात्याला असतो. बारा वर्षं तिचा डावा हात हवा भरत होता आणि उजवा वाजवत होता. चार महिने ती बाईंच्या उजवीकडे स्टुलावर बसली. डाव्या हाताचा आवाज ऐकत होती, त्याच्या आधारावर सूर धरत होती, तो आवडतही होता. पण तो लिहायचा असतो हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. चीज म्हणजे चाल. बाकीची साथ. साथ कोणी लिहून ठेवतं का?

आणि बाईंना वही दिसत नव्हती. शरयू वाजवून दाखवायची ती उजव्याच हाताने. पेटीवाली आहे, दोन हातांचं जमत नसेल, असं समजून त्या चालवून घेत असणार. दोघीही आपापल्या जागी बिनघोर होत्या.

“अगं, मी अर्धंच लिहिलंय,” शरयू म्हणाली. तिचे कान तापले होते. “अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते मी.”

पद्मिनीला म्हण कळली नाही, चेहरा कळला.

“ओके, ओके. डोन्ट पॅनिक. मेलडी आहे ना, मी हार्मनी टाकते. टू अवर्स. कॉर्ड्स साध्या आहेत. कोणाला कळणार नाही.”

“बाईंना कळेल.”

“त्या नाइंटीच्या आहेत, हात मोडलाय. त्यांना आता त्रास कशाला? त्या दिवशी हॉलमध्ये लोक टाळ्या वाजवतील, शी विल बी हॅपी. तुला वाटतं त्या उठून म्हणतील, हे माझं नाही?”

शैलेंद्रनेही तेच सांगितलं. “चुकलं ते चुकलं. आता सांगून काय मिळणार? उगाच हात दाखवून अवलक्षण. पद्मिनी करतेय तर करू दे.”

“आणि शंभर वर्षांनी कोणी वाजवलं तर? पद्मिनीचा हात वाजवतील. बाईंचा म्हणून.”

“शंभर वर्षांनी कोण वाजवतंय यार.”

शरयूने ताटं उचलली. तिला रडू येत होतं, आणि शैलेंद्र वाईट बोलला म्हणून नव्हे, तो खरंच बोलत होता म्हणून. कोणाला कळलं नसतं. तिने एकच गोष्ट आयुष्यात आपली म्हणून केली होती आणि ती अर्धी निघाली होती. बाई “तू नसतीस तर” म्हणाल्या होत्या. ते वाक्य तिला परत करायचं नव्हतं. दोन दिवस ती बाईंकडे गेली नाही, सर्दीचं कारण सांगितलं.

तिसऱ्या दिवशी गेली. बाईंच्या गल्लीत पांढऱ्या फुलांची झाडं फुलली होती. दिसायला नववधू, वासाला सुकट. सर्दी असती तर बरं, असं वाटून तिने गाडीची काच वर केली.

बाई सोफ्यावर बसल्या होत्या. प्लास्टर उशीवर.

“ये. सर्दी कशी आहे?”

“सर्दी नव्हती.” शरयू कोट न काढताच समोर बसली. आता बोलली नाही तर पुन्हा धीर होणार नाही, हे तिला माहीत होतं. “मी चूक केली आहे. मोठी. मी फक्त उजवा हात लिहिला.”

बाई खिडकीकडे बघू लागल्या, म्हणजे तिच्याकडे.

“आणि डावा?”

“नाही लिहिला. एक स्वरसुद्धा नाही. आमच्या पेटीला डाव्या हाताने भाता मारतात, हवा भरायला. माझ्या लक्षातच आलं नाही की... मला वाटलं, ती साथ आहे.”

सगळं एका दमात सांगून झालं. पद्मिनी काय म्हणाली तेही तिने सांगितलं, लपवायला आता उरलं काय होतं? बाहेर कोणाचं तरी गवत कापायचं यंत्र सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. बाईंनी चांगला हात तोंडावरून फिरवला. त्या रागावल्या असत्या तर शरयूने ऐकून घेतलं असतं. वही फेक म्हणाल्या असत्या तर फेकली असती.

“तूही,” शेवटी बाई म्हणाल्या. “तूही तिला सोडून आलीस.”

“कोणाला?”

“मला पियानोपर्यंत ने.”

शरयूने त्यांना दंडाला धरून नेलं. बाई नेहमीच्या जागी बसल्या नाहीत. बाकाच्या डाव्या टोकाला सरकल्या आणि उजवीकडची जागा रिकामी ठेवली. मग डाव्या हाताने त्या वाजवू लागल्या. चालीशिवाय तो आधार शरयूने पहिल्यांदाच ऐकला. चार ठोके, मग एक छोटा दम, पुन्हा चार ठोके. कुठेही शोभा नाही, घाईही नाही. हात कामाला लागलेत आणि दिवस लांब आहे, एवढंच.

“उचल, पसर, मीठ, दाब,” वाजवता वाजवता बाई म्हणाल्या. “कारखान्यात मासळी अशी भरायच्या पिंपात. मग पिंप फिरवायचं, तो दम. उचल, पसर, मीठ, दाब. हे माझं नाही. मी कधी मासळी भरली नाही.”

“मग कोणाचं?”

“पिलारचं.”

इतक्या महिन्यांत हे नाव शरयूने एकदाही ऐकलं नव्हतं.

“कामगारांच्या वाचनालयात एक पियानो होता. मी बायकांना गाणी शिकवायचे. पिलार काम संपवून यायची, हात धुऊन. तिला एक सूर वाचता येत नव्हता. मी ही चाल बसवली आणि खाली काहीतरी गोंडस ठेवलं होतं, वाल्ट्झ नाचासारखं. ती शेजारी येऊन बसली. इथे.” बाईंनी आपण बसल्या होत्या त्या जागेवर थापटलं. “म्हणाली, सेन्योरिता, ह्या तालावर मीठ लावलं तर मासळी सडेल. आणि तिने हे वाजवलं. त्या दिवसापासून मी उजवीकडे, ती डावीकडे. सात महिने.”

“आणि बोटीवर?”

“तिची आई होती घरी. ती नाही आली. बंदरावर मला सोडायला आली आणि परत गेली. संध्याकाळची पाळी होती.” बाईंचा हात पट्ट्यांवर थांबला. “बोटीवर माझ्या लक्षात आलं की फक्त माझाच अर्धा भाग मला वाजवता येतो. मग मी तिचा शिकले. टेबलावर, गुडघ्यावर, आठवून आठवून. सगळ्यांना वाटलं, कासिल्दा दोन्ही हातांनी किती छान वाजवते. मेक्सिकोत एकाने लेख लिहिला, माझा डावा हात म्हणजे मोठी प्रतिभा. तो मी अजून जपून ठेवलाय. बघ, कशी आहे मी.”

बाईंच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. शरयूने पुसलं, आपल्या ओढणीने. बाईंनी पुसू दिलं.

“वही काढ,” त्या म्हणाल्या. “आणि आता नीट ऐक.”

दोन सकाळी लागल्या. शरयूने प्रत्येक ओळीच्या खाली दुसरी ओळ लिहिली, आणि लिहिता लिहिता तिला कळत गेलं की चाल जिथे जिथे अंगाला झोंबत होती तिथे तिथे खाली पिलार होती. मंद्रातला एक कोमल धैवत तर असा अवचित यायचा की दर वेळी ती लिहायची थांबायची. शेवटी बाईंनी तिला उजवीकडच्या रिकाम्या जागेवर बसवलं. शरयूने उजव्या हाताने चाल वाजवली, बाईंनी डाव्याने साथ दिली. दोनदा शरयू चुकली. दोन्ही वेळा बाईंनी तिला सावरून घेतलं, थांबल्या नाहीत. सावरणाऱ्याच्या जागी शरयू आजवर इतक्यांदा बसली होती. सावरून घेतलं जाणं कसं असतं, ते तिला माहीत नव्हतं.

“आता ठीक,” बाई म्हणाल्या. “आता फोन लाव त्या मुलीला. कार्यक्रमाचा कागद छापायला गेला का?”

शरयूने स्पीकरवर फोन लावला. पद्मिनी खुशीत होती.

“डावा हात मिळाला? ओ थँक गॉड. मी सुरुवात केली होती, पण सगळं शुगरी होत होतं. हो, प्रोग्रॅम आज दुपारी प्रिंटला जातोय. का?”

“त्यात एक नाव घालायचं आहे,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम तरणा झाला होता, बँडसमोर उभं राहिल्यासारखा. “संगीत असं लिहिलंय ना, त्याच्या पुढे? माझ्या नावाच्या आधी घाल. आधी, नंतर नाही. पिलार.”

“पिलार. ओके, टाइप करतेय.” कळफलकाची टकटक ऐकू आली. “हाउ लव्हली. लास्ट नेम?”

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

शरयूने वाट पाहिली. वय झालंय, आठवेल. परवाच त्यांनी भोंगेवाल्या म्हाताऱ्याचं नाव, त्याच्या बायकोचं नाव, त्यांच्या कुत्र्याचंसुद्धा नाव सांगितलं होतं. तिने हळूच बाईंच्या पाठीवर हात ठेवला.

“सावकाश आठवा. घाई नाही.”

“आठवायचं काय त्यात?” बाई म्हणाल्या. “मी विसरले नाही, इहा, पोरी. मी कधी विचारलंच नाही.”

बाईंनी डावा हात पट्ट्यांवरून खाली घेतला.

“मी सेन्योरिता वेलास्को होते. ती पिलार होती. कारखान्यातल्या बायकांवर दोनशे पानं लिहिली मी, त्यांच्या हक्कांवर सदरं लिहिली, आणि रोज जी माझ्या मांडीला मांडी लावून बसायची तिला आडनाव असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.” त्या सरळ बसल्या होत्या, प्लास्टरचा हात मांडीवर. “लढाईनंतर मेक्सिकोत याद्या यायच्या. तुरुंगात कोण, मेलं कोण, सुटलं कोण. आमच्या गावच्या यादीत सतरा पिलार होत्या. मी सतरा वेळा बोट ठेवलं. कोणत्या पिलारला पत्र लिहू?”

शरयूचा हात त्यांच्या पाठीवर तसाच राहिला. बाईंचा श्वास तिला तळव्याला कळत होता.

“शरयूताई?” पद्मिनी हळू आवाजात म्हणाली. “मग मी काय करू? नुसतं पिलार ठेवू?”

शरयूने बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीकडे बघत होत्या.

“नाही,” बाई म्हणाल्या. “पुढे जागा सोड.”

“किती?”

“एका आडनावापुरती.”